स्पॅनिशच्या तासाला जाताना मराठी घरी ठेवू नका : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की शाळेत नवी भाषा शिकताना नेमकं कुठे अडतं ते कळवा, तर बरीचशी पत्रं स्पॅनिशचीच निघाली. हायस्कूलच्या पहिल्या वर्षातली मुलंमुली, त्यांचे आईवडील, एक आजोबासुद्धा. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कोणाचीच छापलेली नाहीत. स्पॅनिश शब्द मुद्दाम देवनागरीत दिलेत, पण ते कसे वाचायचे याचं एक वेगळं उत्तर खाली आहे, ते आधी वाचलंत तरी चालेल.

प्रश्न : ताई, आमच्या वर्गात स्पॅनिश सगळं इंग्रजीतून समजावतात. ‘गुस्तार’ हे क्रियापद आल्यापासून माझं डोकंच चालेनासं झालंय. पुस्तकात म्हटलंय की ‘आय लाइक’ उलटं करायचं, म्हणजे ‘ती वस्तू मला आनंद देते’ असा विचार करायचा. मी प्रत्येक वाक्य दोनदा उलटं करते आणि शेवटी चुकतेच. (उलटीपालटी)

उत्तर : अगं, उलटं करायचंच नाहीये! तू मराठीतून इंग्रजीत जातेस, तिथे वाक्य एकदा फिरतं, मग इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाताना ते परत फिरवावं लागतं, सगळी दमछाक त्यातच होते. मधलं स्टेशन गाळ. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे ‘मला पुस्तक आवडतं’. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतं. पुस्तकं जास्त झाली की मराठीत ‘आवडतात’ होतं ना, तसंच तिकडे ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’. क्रियापद माझ्याप्रमाणे नाही, पुस्तकाप्रमाणे बदलतं, आणि हे तुला कोणी शिकवलेलं नाही, तू लहानपणापासून बरोबर बोलतेस. आणखी गंमत बघ, ‘मला वाचायला आणि नाचायला आवडतं’ यात दोन गोष्टी आहेत तरी आपण ‘आवडतात’ म्हणत नाही. स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता लेएर ई बायलार’, एकवचनच. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यासाठी वेगळा नियम पाठ करावा लागतो.

असंच आणखी एक आहे. स्पॅनिशमध्ये माणूस कर्म म्हणून आला की त्याच्या आधी ‘आ’ लावतात, वस्तूला लावत नाहीत, आणि परीक्षेत यावर हमखास मार्क जातात. ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर बघते, ‘बेओ आ ला प्रोफेसोरा’ म्हणजे मी बाईंना बघते. आता मराठी वाक्यं परत वाच. घराला ‘ला’ नाही लागला, बाईंना ‘ना’ लागला. जिथे मराठीत माणसाला ‘ला, ना’ लागतो तिथे बहुतेक वेळा स्पॅनिशमध्ये ‘आ’ येतो, झालं.

‘यो’ म्हणजे मी, तो प्रत्येक वाक्यात कोंबायचा नाही हेही आपल्याला सांगावं लागू नये. ‘जाते’ म्हटलं की कोण जातं ते कळतं, तसं ‘आब्लो’ म्हटलं की मी बोलते हे त्यातच आलं. उलट तिथे तुझं काम कमी आहे, कारण बोलतो आणि बोलते असा फरक क्रियापदात नाही, मुलगा मुलगी दोघंही ‘आब्लो’ म्हणतात. विशेषण आलं की मात्र फरक होतो, दमलेली मुलगी ‘एस्तोय कान्सादा’ म्हणते आणि दमलेला मुलगा ‘एस्तोय कान्सादो’.

पण मराठी सगळीकडे वाचवत नाही, हेही आत्ताच सांगते नाहीतर पुढच्या चाचणीनंतर मला रागाचं पत्र येईल. भूक, तहान, झोप, भीती हे सगळं आपल्याला ‘मला’ लागतं किंवा वाटतं, तिथे स्पॅनिश ‘तेंगो’ म्हणते, म्हणजे माझ्याकडे आहे. ‘तेंगो आम्ब्रे’ म्हणजे भूक लागलीये. वयसुद्धा असंच, पंधरा वर्षांची असशील तर ‘तेंगो किन्से आन्योस’. डोकं दुखतं तेव्हा आपण ‘माझं डोकं’ म्हणतो, ते मात्र ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणतात, ‘मला डोकं दुखतं’ असं, तिथे ‘माझं’ लिहू नकोस. आणि आपली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘एल, ला’ विसरणं, कारण मराठीत तसलं काही नाहीच. ‘मे गुस्ता मुसिका’ नाही, ‘मे गुस्ता ला मुसिका’. शब्दांचा क्रमही वेगळा, क्रियापद मध्ये येतं आणि विशेषण बहुतेकदा नामाच्या मागून येतं, पांढरं घर म्हणजे ‘कासा ब्लांका’.

जाता जाता, ‘बाई मला आवडतात’ हे शब्दशः ‘मे गुस्ता ला प्रोफेसोरा’ असं निबंधात लिहू नकोस, माणसाच्या बाबतीत त्याचा वास प्रेमाबिमाकडे जातो. ‘मे काए ब्येन’ म्हण, तेच सोज्वळ.

प्रश्न : नमस्कार. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्हीचा अर्थ ‘असणे’. सरांनी सांगितलं कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मग मेलेला माणूस ‘एस्ता मुएर्तो’ का? मेलेला माणूस तात्पुरता मेलेला असतो का? आणि मी विद्यार्थी तर चार वर्षांपुरताच आहे, तरी ‘सोय एस्तुदियान्ते’! (दोन आहेत त्यातला एक द्या)

उत्तर : प्रश्न एकदम रास्त आहे. कायमचं आणि तात्पुरतं हा नियम पहिल्या आठवड्यापुरता ठीक, पुढे तो असाच तोंडघशी पाडतो. वेळ बघ, ‘सोन लास त्रेस’ म्हणजे तीन वाजलेत, यापेक्षा तात्पुरतं काय असणार, पण आहे सेर! आणि माद्रिद शहर काही उठून चाललेलं नाही, तरी ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’.

त्याऐवजी असा विचार कर की सेर सांगतं ती वस्तू किंवा माणूस मुळात कोण, कुठला, कशाचा, कसल्या स्वभावाचा. एस्तार सांगतं तो आत्ता कुठे आहे, कुठल्या अवस्थेत आहे, त्याचं काय झालेलं आहे. आणि ‘झालेलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठीत जिथे ‘-लेला, -लेली, -लेलं’ सहज बसतं तिथे एस्तार घालून बघ. दार बंद केलेलं आहे, ‘ला पुएर्ता एस्ता सेर्रादा’. तो बसलेला आहे, ‘एस्ता सेन्तादो’. मेलेला, ‘एस्ता मुएर्तो’. दमलेली, ‘एस्ता कान्सादा’. विद्यार्थी हा ‘-लेला’ नाही, तो ‘कोण’ आहे, म्हणून सोय. पुढच्या वर्गात कर्मणी प्रयोग आला की याला अपवाद निघतात, पण पहिल्या वर्षी ही ट्रिक चांगली चालते.

काही विशेषणांचा अर्थच बदलतो आणि परीक्षकांचा त्यावर फार जीव. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे कंटाळलेला आहे. बघ, ‘-लेला’ इथेही आलाच. ‘एस लिस्तो’ म्हणजे हुशार, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार, आवरून बसलेला.

जागा सांगताना एस्तार, यालाही एक खाच आहे. कार्यक्रम कुठे होणार हे सांगताना सेर येतं. ‘एल एक्सामेन एस एन एल आउला सिन्को’ म्हणजे परीक्षा पाच नंबरच्या वर्गात आहे, होणार आहे. ‘एल एक्सामेन एस्ता एन ला मेसा’ म्हणजे परीक्षेचा कागद टेबलावर पडलाय. ‘होणार’ म्हणता आलं तर सेर, ‘पडलाय, ठेवलाय’ म्हणता आलं तर एस्तार.

प्रश्न : मी स्पॅनिश शब्द वहीत देवनागरीत लिहितो, वाचायला सोपं जातं. बाई ओरडतात. चूक कोणाची?

उत्तर : सुरुवातीचे थोडे दिवस तू बरोबर, नंतर बाई बरोबर. देवनागरीचा फायदा खराच आहे. स्पॅनिशचे टी आणि डी हे आपले त आणि द आहेत, ट आणि ड नाहीत, आणि इंग्रजीच्या सवयीने ‘टोमाटे’, ‘टेंगो’ म्हणणाऱ्यांपेक्षा तू ‘तोमाते’, ‘तेंगो’ लिहिलंस तर उच्चार आपोआप सुधारतो. प, त, क हेसुद्धा आपल्यासारखेच, हवा न सोडता. र आपला चालतोच, फक्त दोन आर असले की जोरात घोळवायचा, ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. वरची रेघ असलेला जो एन आहे तो साधारण आपला ञ, जो आपण बाराखडीत पाठ केला आणि पुन्हा कधी फारसा वापरला नाही, तो इथे कामाला आला. ती रेघ विसरू मात्र नकोस. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष, आणि रेघेशिवायचा ‘आनो’ हा शरीराचा असा भाग आहे की ‘मला पंधरा वर्षं आहेत’ या वाक्याचं पार वाटोळं होतं.

आता तोटे. एच लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून ‘आब्लार’. बी आणि व्ही एकाच आवाजाचे, म्हणजे देवनागरीत दोन्ही ब झाले की लिहिताना कुठला ते कळणार नाही. तसंच ‘स’, लॅटिन अमेरिकेत एस, झेड आणि ई-आयच्या आधीचा सी हे तिघंही ‘स’ होतात, तू वहीत स लिहिलास की स्पेलिंग गेलंच. जे चा आवाज घशातून येतो, ख आणि ह यांच्या मधला, त्याला आपल्याकडे अक्षर नाही. आणि मुख्य म्हणजे आघात. ‘आब्लो’ म्हणताना जोर आधी दिला तर ‘मी बोलतो’, शेवटी दिला तर ‘तो बोलला’, आणि देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात. नियम अगदी छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, बाकी काही असेल तर शेवटच्यावर, आणि जिथे हा नियम मोडतो तिथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ देऊन सांगतात. म्हणजे ती रेघ ही सजावट नाही, तिचेही मार्क असतात.

तेव्हा वही रोमनमध्येच कर, अडलेल्या शब्दावर पेन्सिलने बारीक देवनागरी लिही आणि वाचता यायला लागलं की खोडून टाक. स्वर फक्त पाच, आ ए इ ओ उ, प्रत्येकाचा आवाज ठरलेला, इंग्रजीसारखी फसवाफसवी नाही.

अजून एक. एस नंतर व्यंजन असेल तर स्पॅनिश शब्दाच्या सुरुवातीला ए लागतो, ‘एस्कुएला’, ‘एस्तुदियान्ते’, ‘एस्पान्या’. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्यांना आपण किती हसलो असू!

प्रश्न : एल की ला हे कसं ओळखायचं? टेबल बाई का आहे??

उत्तर : टेबल बाई का आहे ते विचारायचं नाही, कारण मग ते तुला विचारतील की मराठीत भिंत बाई, दरवाजा बुवा आणि घर नपुंसक का. आपण तीन लिंगं सांभाळतो, त्यांच्याकडे दोनच आहेत. ओ ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी, आ ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, ‘-सिओन’ आणि ‘-दाद’ वाले स्त्रीलिंगी. फसवे थोडेच आहेत, ते पाठच कर : ‘ला मानो’ म्हणजे हात, ‘एल दीआ’ म्हणजे दिवस, ‘एल मापा’. ‘प्रोब्लेमा, तेमा, सिस्तेमा, इदिओमा’ हे ग्रीकमधून आलेले ‘-मा’ वाले पुल्लिंगी. ‘आग्वा’ म्हणजे पाणी स्त्रीलिंगी आहे पण दोन आ एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ‘एल आग्वा’ म्हणतात, विशेषण मात्र स्त्रीलिंगीच, ‘एल आग्वा फ्रिआ’. नवीन शब्द कधीच एकटा पाठ करू नकोस, ‘मेसा’ नाही, ‘ला मेसा’. आणि मराठीचं लिंग तिकडे नेऊ नकोस, ते जुळलं तर योगायोग.

प्रश्न : मी एक आई आहे. मुलीला स्पॅनिशमध्ये मार्क चांगले पडतात पण बोलायला सांगितलं की गप्प. मला स्वतःला एक अक्षर येत नाही, तर घरी मी काय मदत करू? ती शब्द पाठ करते आणि आठवड्यात विसरते.

उत्तर : तुम्हाला येत नाही हीच तुमची जमेची बाजू आहे. तिला रोज दहा मिनिटं तुमची शिक्षिका व्हायला सांगा, आज वर्गात काय झालं ते तिने तुम्हाला शिकवायचं, तुम्ही खरंच न कळल्यासारखे प्रश्न विचारायचे. जे समजावून सांगता येत नाही ते अजून पक्कं झालेलं नाही हे तिचं तिलाच कळतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही. मोठ्याने वाचायला लावा. स्पॅनिशमध्ये लिहिलंय तसंच जवळजवळ वाचतात, त्यामुळे थोड्या दिवसांत ती कुठे अडखळते ते तुम्हालाही कळायला लागेल.

विसरण्याचं म्हणाल तर त्यात तिचा दोष नाही. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, १८८५ साली मांडलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर जातं, आणि अंतर ठेवून उजळणी केली तर ते टिकतं. म्हणजे रविवारी दोन तास बसून पन्नास शब्द घोकण्यापेक्षा रोज थोडे, आणि कालचे, परवाचे, गेल्या आठवड्यातले मधूनमधून परत. कार्डांचे गठ्ठे करायची एक सोपी पद्धत सेबास्तियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये दिली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या डब्यात जातं आणि उशिरा परत येतं, चुकलेलं पहिल्या डब्यात परत. चपलांचे जुने खोके पुरतात, अॅप नको असेल तर.

शब्द लक्षात राहायला आपल्याला एक आडवाटही आहे. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि पोर्तुगीजांनी मराठीत बरेच शब्द सोडलेत. आपला पगार ज्या पोर्तुगीज ‘पगार’वरून आला त्याच रूपात स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. बादली ‘बाल्दे’ची, मिस्त्री ‘माएस्त्रो’च्या नात्यातला, बटाट्याचा ‘पाताता’. चावी ‘याबे’ होऊन बरीच लांब गेली, पण मूळ एकच. मुलीला असे शब्द शोधायला लावा, घोकण्यापेक्षा बरं. आकड्यांना तर ती हसेलच. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणनव्वद जी मुलगी पाठ करून बसली तिला ‘कुआरेन्ता ई नुएबे’, चाळीस आणि नऊ, म्हणजे काहीच नाही.

आता बोलण्याचं. पाहुण्यांसमोर ‘बोल गं जरा स्पॅनिशमध्ये काहीतरी’ हे आधी बंद करा, असेल तर. कोणतंही मूल त्याने गप्पच होईल. बोलायला कारण लागतं, आणि वर्गात पहिलं कारण असतं न कळणं. म्हणून तिला चार वाक्यं तोंडात बसवायला सांगा : ‘नो एन्तिएन्दो’ म्हणजे कळलं नाही, ‘मास देस्पासिओ, पोर फाबोर’ म्हणजे जरा सावकाश, ‘पुएदे रेपेतिर?’ म्हणजे परत सांगाल का, आणि ‘कोमो से दीसे...’ म्हणजे याला काय म्हणतात. ही चार आली की न येणाऱ्या गोष्टीबद्दलसुद्धा ती स्पॅनिशमध्येच बोलत राहते. आणि विचार करताना आपण ‘म्हणजे... ते...’ करतो तसं ‘पुएस’, ‘आ बेर’ म्हणायचं, गप्प बसण्यापेक्षा ऐकायला बरं वाटतं.

प्रश्न : बाई ‘ग्रासिआस’ म्हणतात, व्हिडिओमधला माणूस ‘ग्राथिआस’ म्हणतो. शिवाय पुस्तकात ‘बोसोत्रोस’चा रकाना आहे तो बाई गाळायला सांगतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : बाईंचं. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘थ’सारखा आवाज काढतात, लॅटिन अमेरिकेत आणि स्पेनच्याच काही भागात ‘स’, दोन्ही शुद्ध. एक निवड आणि त्यातच राहा, एका वाक्यात दोन्ही नको. ‘बोसोत्रोस’ म्हणजे जवळच्यांचं अनेकवचन, ‘तुम्ही सगळे’, ते स्पेनमध्येच चालतं. लॅटिन अमेरिकेत ‘उस्तेदेस’ सगळ्यांना. बोलायचं नसलं तरी तो रकाना ओळखता यावा, ऐकण्याच्या परीक्षेत येतो. ‘तू’ म्हणजे तूच, उच्चारासकट. ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही किंवा आपण, आणि त्याच्याबरोबर क्रियापद मात्र तिसऱ्या माणसाचं येतं, तिथे लक्ष ठेव. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ ऐकू येईल, घाबरू नकोस.

प्रश्न : एका पुस्तकात २९ अक्षरं, दुसऱ्यात २७. आणि प्रश्नचिन्ह उलटं का?

उत्तर : जुनं पुस्तक २९, नवं २७. ‘चे’ म्हणजे सीएच आणि ‘एये’ म्हणजे दोन एल, यांना पूर्वी स्वतंत्र अक्षर मानायचे, २०१० मध्ये स्पॅनिश अकादमीने नव्या शुद्धलेखनात ती दोन्ही मुळाक्षरांतून काढली. आवाज आहेत तसेच आहेत. उलटं चिन्ह अकादमीच्याच १७५४ च्या शुद्धलेखनातलं, लांब वाक्य वाचताना हा प्रश्न आहे हे सुरुवातीलाच कळावं म्हणून. स्पॅनिशमध्ये ‘तू येतोस’ आणि ‘तू येतोस का’ यात ‘का’ नसतोच, नुसता सूर बदलतो, तेव्हा त्याची गरज पटते.

प्रश्न : होमवर्क ट्रान्सलेटर वापरून केला तर कळतं का हो बाईंना? खरं सांगा. आणि अॅपवर रोज खेळतो मी, ते पुरेल ना?

उत्तर : कळतं. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या पाच ओळींत अचानक सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, शंका सांगणारं क्रियापदाचं पुढच्या वर्गातलं रूप, उगवला की कळायला काही डिटेक्टिव्ह लागत नाही, वर्गात जे शिकवलंच नाही ते वहीत कुठून आलं एवढंच बघायचं असतं. शिवाय ट्रान्सलेटरला तू मुलगा आहेस की मुलगी हे माहीत नसतं, मग मुलगी ‘एस्तोय कान्सादो’ लिहून आणते. एक शब्द बघायला वापर, वाक्य करायला नको. आणि स्वतः लिहिलेलं वाक्य त्यात घालून उलटं मराठीत काय येतं ते बघणं हा चांगला उपयोग आहे, मी तर सांगते कराच.

अॅप चालू ठेव, ड्युओलिंगो २०१२ पासून आहे आणि शब्द, कानाची सवय, रोजची शिस्त याला चांगलंच आहे. पण त्यात बऱ्याचदा दिलेल्या पर्यायांतला एक ओळखायचा असतो आणि वर्गात कोणी पर्याय देत नाही. अॅपवर झालेल्या धड्यातली तीन वाक्यं मोबाईल खाली ठेवून मोठ्याने, स्वतःबद्दल बदलून म्हण. ‘मांजर दूध पितं’ हे तुझ्या काय कामाचं, तू काय पितोस ते सांग.

प्रश्न : आमचा नातू वर्षभर स्पॅनिश शिकतोय, अजून बातम्या कळत नाहीत म्हणतो. एवढा वेळ लागतो का? आणि डेले नावाची स्पॅनिशची परीक्षा असते ती द्यावी का? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, जरा हिशोब करू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश यायला साधारण ६०० ते ७५० तास वर्गाचे धरते, आणि ती मोठी माणसं, पूर्णवेळ तेच करणारी. शाळेत आठवड्याला तीन तास, असे तीस आठवडे धरले तर ९० होतात. त्यात बातम्या कळाव्या ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय आहे. स्वतःची ओळख, घरातली माणसं, वेळ, दिनक्रम, काय आवडतं काय नाही, रस्ता विचारणं, एवढं नीट यायला लागलं तर वर्ष सत्कारणी लागलं. ऐकायचंच असेल तर बातम्यांऐवजी लहान मुलांचे कार्यक्रम लावून द्या, आणि एकच भाग तीनतीनदा.

डेले द्यायला हरकत नाही, पण हौस असेल तर. १९९१ साली स्थापन झालेली इन्स्तितुतो सेर्बान्तेस ही संस्था स्पेनच्या शिक्षण खात्याच्या वतीने ती घेते आणि सर्टिफिकेटला मुदत नसते, एकदा मिळालं की मिळालं. पहिली पायरी ए-१, आणि ११ ते १७ वयाच्या मुलांसाठी तिची वेगळी शालेय आवृत्ती आहे, विषय त्यांच्या वयाचे असतात, तीच भरा, मोठ्यांची नको. वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग. मुलं वाचनात मार्क काढतात आणि बोलण्यात अडकतात, म्हणून आत्तापासूनच त्याला रोज दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावा, तुम्हाला कळो न कळो, समोर बसून ऐका. नमुना पेपर संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात. फॉर्म भरायच्या आधी त्यातला एक घड्याळ लावून सोडवून घ्या, मग ठरवा यंदा की पुढच्या वर्षी.